नीलाबाईची डावी कत्ती

मूल शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात लग्नाच्या पंगतीत नीलाबाईला कोणी वाढायला बोलावत नाही. ती डावखुरी आहे. लहानपणी आईने तिचा डावा हात चिंधीने कमरेला बांधून पाहिला. चिंधी सुटली की तोच हात पुन्हा पुढे.

"उजवा हात माहा पाहुणा हाय ताई," ती मला म्हणते. "त्याले काम सांगावं तं लाजते."

आमच्या परसामागे बुरूड मोहल्ला. तिथे तिचा नवरा अंकुश बांबू फोडून कामट्या काढायचा आणि नीलाबाई सुपं, टोपल्या विणायची. अंकुश तीन वर्षांपूर्वी गेला. वनखात्याच्या डेपोतून बांबू मिळायचं कार्ड तिच्या नावावर झालं, पण बांबू फोडून देऊ लागला धाकटा दीर रामाजी. दहा चांगल्या कामट्या निघाल्या की सहा त्याच्याच अंगणात राहायच्या.

तिला स्वतःला फोडता येत नव्हतं असं नाही. बुरडाच्या कत्तीला, म्हणजे बांबू चिरायच्या सुऱ्याला, धार एकाच अंगाने असते. एक बाजू सपाट, दुसरी उतरती. उजव्या हातात ती कामटीवरून सरळ सरकते. डाव्या हातात धरली की आत घुसते, कामटी मधेच पातळ होते आणि तुटते. नीलाबाईच्या अंगणात अशा तुटक्या कामट्यांचा ढीग मी पाहिलेला आहे. रामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचा.

पोळा झाला आणि समाजाची बैठक बसली. रामाजी उभा राहिला. "जिले बांबू फोडता येत नाई, तिले कार्ड कायले पायजे? माझ्या कार्डात जोडा."

"मले फोडता येते," नीलाबाई बायकांमधून बोलली. "कत्ती उलटी हाय."

"कत्ती उलटी हाय का हात उलटा हाय, वहिनी?"

सगळे हसले. हसू थांबेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "दसऱ्याले याच जागी बांबू फोडीन. सुपाले चालतीन अशा कामट्या काढीन. एक जरी तुटली तं कार्ड भाऊजीचं."

दुसऱ्या दिवशी ती सोमाजी लोहाराकडे गेली. धार दुसऱ्या अंगाला लावलेली कत्ती हवी, एवढंच मागणं. सोमाजीने भात्यावरचा हात काढला नाही. "दसऱ्याले ज्या ऐरणीची पूजा करतो, तिच्यावर डावं हत्यार नाई घडवत मी. माझ्या बापानं नाई घडवलं."

"तुमच्या बापाले कोणी मांगतलं नसंल."

"मंग तूच घडव."

"घडवीन," ती म्हणाली आणि घरी आली. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते. मला वाटलं, रागाचं बोलणं आहे, उतरेल.

उतरलं नाही. सासू रुखमाबाईने माळ्यावरून मोडक्या बैलबंडीच्या चाकाची धाव काढून दिली. धाव म्हणजे चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. तीन पिढ्या जंगलातल्या दगडांवरून फिरलेली. आमच्याकडे सगळ्यांचा समज असा, की जुनं लोखंड ते खरं लोखंड. नीलाबाईने दोन कानशी आणल्या, एक जाड दाताची, एक बारीक. पट्टी घट्ट धरायला शिकंजा नव्हता. बांबू धरते तशीच तिने पट्टी पायाच्या अंगठ्याखाली पाटावर दाबली आणि आठ दिवस घासली. कत्ती दिसायला झकास झाली. तापवून पाण्यात विझवली. बांबूचं पहिलं पेर लागलं आणि धार मुरडली, ओल्या पापडासारखी.

रामाजी कुंपणापलीकडून म्हणाला, "वहिनी, पोळ्या लाटाले ठेवा तिले."

"आधी तुमचीच लाटीन," हिने उत्तर दिलं. पण त्या दिवशी तिचा आवाज जरा बसला होता. दसऱ्याला अठरा दिवस उरले होते.

मी तिला घेऊन लोकेशच्या गॅरेजात गेले. रस्त्यावरून ट्रक सारखे जातात, त्यांच्या चाकांवरच्या स्प्रिंगची मोडकी पट्टी, म्हणजे कमानपट्टी, त्याच्याकडे ढिगाने पडलेली. लोकेशने धाव ग्राइंडरला लावली. लांब, पिवळ्या, सरळ ठिणग्या उडाल्या. मग कमानपट्टीचा तुकडा लावला. ठिणग्या थोड्या पुढे जाऊन फुटल्या, फुलबाजीसारख्या.

"मावशी, फुटते ते पोलाद. तेच कडक होते. तुमची धाव नरम हाय."

"आन ती कानस?" नीलाबाईने विचारलं. "ते बी पोलादच ना?"

"कानस लय कडक. पेरावर आपटली तं काचेसारखी तुटंल. कमानपट्टी वाकते आन परत येते. दिवसभर ट्रकाखाली तेच करते."

नीलाबाईने ढिगातले पाच तुकडे उचलले, प्रत्येकावर नख फिरवलं. ज्यात बारीक चीर होती ते दोन बाजूला टाकले. उरलेल्यांतला सगळ्यात पातळ घेतला. "जाड घेतला तं माहं घासणं दिवाळीपर्यंत चालंल," म्हणाली.

पट्टी तापवून राखेत पुरली, हळूहळू थंड झाली आणि कानशीला मऊ झाली. लोकेशकडच्या रुळाच्या तुकड्यावर ठोकून सरळ केली. मग पुन्हा पाट, अंगठा, कानस. या वेळी उतार डाव्या हाताच्या अंगाला.

पाणी पाजायच्या, म्हणजे कत्ती तापवून कडक करायच्या, दिवशी तिच्या चुलीत कोळसे, वारा घालायला माझा जुना केस वाळवायचा पंखा आणि जुन्या रेडिओतलं चुंबक. लाल पट्टीला चुंबक चिकटेनासं झालं की वेळ झाली, असं लोकेशने सांगितलं होतं. पाण्याने पोलाद तडकतं म्हणून तेल हवं. रुखमाबाई शेजारच्या घरातून मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा डबा घेऊन आली. शेजारचं घर म्हणजे रामाजीचं.

"मागून आनलं का?" मी विचारलं.

"माह्याच पोराचं घर हाय. मागाले काऊन लागते?"

कत्ती तेलात गेली, धूर झाला, बाहेर आली. कानस तिच्यावरून घसरली, लागेना. म्हणजे कडक झाली होती, पण आता ठिसूळही. थोडी सैल करायची तर दोन तास एकसारखी मंद आच पाहिजे. चुलीत ते कसं जमणार? ज्या ओव्हनमध्ये मी नानकटाई करते, त्यात दोनशे अंशावर कत्ती ठेवली. गव्हाच्या काडीचा रंग घेऊन बाहेर आली. पुढची नानकटाई टोळीच्या तेलाच्या वासाची निघाली. घरातल्यांनी तोंडं वाकडी केली, मी मुकाट्याने खाल्ली.

मूठ तिने धावड्याच्या लाकडाची केली.

दसऱ्याला समाजमंदिरासमोर सगळी हत्यारं मांडली होती, मुठी उजवीकडे. नीलाबाईने आपली मूठ डावीकडे ठेवली. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने कुंकू लावलं, कत्ती उचलली आणि बांबूवर पाय दिला.

पहिलं पेर फुटलं. दुसरं. मग चिरलेल्या तुकड्यांतून ती कामट्या काढू लागली आणि अंगणात फक्त सरसर आवाज राहिला. एकवीस कामट्या. पंचांतल्या लच्छूबुवांनी एकेक वाकवून पाहिली. एकही तुटली नाही.

"कार्ड तिच्याच नावावर राहील," लच्छूबुवा म्हणाले.

रामाजीला ते पटेना. "अशी काय कत्ती हाय, पाहू द्या तं!" त्याने ती उजव्या हातात घेऊन बांबूच्या उरलेल्या तुकड्यातून कामटी ओढली. कत्ती आत घुसली, कामटी मधेच तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. बायकांमधून हसू फुटलं.

"खराब हाय तुमची कत्ती," तो म्हणाला.

नीलाबाईने डावा हात पुढे केला. "खराब नाई, भाऊजी. माही हाय."

कत्ती कमरेला खोचून तिने एकवीसच्या एकवीस कामट्या मोळीत बांधल्या आणि स्वतःच्या अंगणाकडे निघाली. त्याने तोडलेल्या दोन कामट्या तेवढ्या रामाजीच्या पायाशी राहू दिल्या.