कडुलिंबातला खिळा

अजिनाथने अठ्ठावीस वर्षं आमच्या गावात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर टपाल वाटलं, आणि अठ्ठावीस वर्षं तो कुत्र्यांना भ्याला. वस्तीवरचं कुत्रं मोकळं दिसलं की हा बांधाच्या अलीकडेच सायकलची घंटी वाजवत उभा राहायचा. पत्र हवं असेल तर माणसाने तिथवर चालत यायचं. लोक कुरकुरायचे, पण त्याच्या हातून एकही पत्र कधी हरवलं नाही, म्हणून कुणी फार ताणून धरलं नाही. कुत्र्यांखेरीज तो विजेला, विहिरीला, फटफटीला, पोस्टातल्या साहेबाला आणि माईकलाही भ्यायचा. गावात कुणी जरा कचरला की 'अजिनाथ झाला' म्हणायची पद्धत पडली होती. ती मीच पाडली. मी गावातल्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, आणि वर्गात बोललेलं गावभर व्हायला वेळ लागत नाही.

त्याच्या भित्रेपणाची एक जुनी हकीगतही गावाला ठाऊक होती. सात वर्षांचा असताना तो झोपेतून किंचाळत उठायचा. त्याची आई छबूबाई मोठी खमकी बाई. औषधं झाली, अंगारे झाले, शेवटी तिने देवऋषी आणला. त्याने बैलगाडीचा एक जुना खिळा पोरावरून उतरवला आणि शेतातल्या एका झाडात ठोकला. पोराची भीती झाडात बांधली गेली, अशी समजूत. या प्रकाराचा आमच्याकडे एक नियम आहे. ज्याची भीती ठोकली त्याला ते झाड कुठलं हे कधी सांगायचं नाही; सांगितलं तर भीती परत येते म्हणे. अजिनाथचं किंचाळणं खरंच थांबलं. माझ्या लेकराची भीती गेली, असं छबूबाई मरेपर्यंत सांगायची. मग कुत्र्याला का भितो, असं विचारलं तर म्हणायची, ते भिणं नव्हं, जपून राहणं. मी शाळेत अंधश्रद्धेवर बोलताना हाच खिळा उदाहरणाला घ्यायचो, तोही त्याच्या मुलांसमोर. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा मला मी फार हुशार वाटायचो.

अशा माणसाने निवृत्तीनंतर लाकूड कातायचा नाद लावून घ्यावा, याचं सगळ्यांना नवल वाटलं. मोबाईलवर त्याने कुणा म्हाताऱ्याला लेथवर लाकडी वाडगा करताना पाहिलं आणि हा खुळावला. विहिरीवरची जुनी मोटर, भंगारातली बेअरिंगं आणि वेल्डिंगवाल्याच्या मिनतवाऱ्या, एवढ्यातून गोठ्याशेजारी लेथ उभा राहिला. मोटर लाकडाला गरागरा फिरवते, फिरत्या लाकडाला पटाशी लावायची, आणि ते गोल होत जातं. अजिनाथ या यंत्रालाही भ्यायचाच. डोक्याला मोटारसायकलचं हेल्मेट, छातीला दुमडलेलं गोणपाट, आणि त्याआधी लाकडावरून स्पीकरमधलं लोहचुंबक दोनदा फिरवणं. बांधावरच्या झाडांना लोक काय काय ठोकून ठेवतात, आणि फिरत्या लाकडात पटाशीला लोखंड अडलं तर लाकूड फुटून तोंडावर येतं, हे त्याने मला दहा वेळा तरी ऐकवलं असेल. एवढं भ्या वाटतं तर करतोस कशाला, असं मी विचारायचो. तो हेल्मेटचा पट्टा आवळायचा. पण त्याची लाटणी आणि रव्या अशा उतरायच्या की एकदा हातात घेतल्यावर खाली ठेवू नयेशा वाटत.

त्याच्या सुनेने, अश्विनीने, या रव्यांचे फोटो मोबाईलवर टाकले. ते पाहून राहात्याच्या केदार नावाच्या एका इंजिनीअरचा फोन आला. तिथे हौसेने लाकूड कातणाऱ्या लोकांचा दोन दिवसांचा मेळावा होता. तुम्ही याच, म्हणाला. अजिनाथला तीन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी माझ्याकडे आला आणि दाराशीच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तुमी आलात तरच जातो." मला लाकडातलं काही कळत नाही, पण निवृत्त माणसाला कुणीतरी कुठेतरी न्यायला हवंच असतं. आम्ही पाथर्डीहून एसटीने निघालो. अजिनाथच्या मांडीवर गोणपाटात बांधलेला कडुलिंबाचा एक ओंडका होता, लहान परातीएवढा रुंद.

हा ओंडका मेळाव्याच्या रीतीप्रमाणे आणला होता. प्रत्येकाने आपल्या गावचं लाकूड आणायचं, सगळ्यांचं एकत्र ठेवायचं, चिठ्ठ्या काढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ज्याला जे आलं ते सर्वांसमोर कातायचं. अजिनाथच्या विहिरीवरचा लिंब आदल्या वर्षी वादळात पडला होता. त्याचाच हा तुकडा त्याने वर्षभर कडब्याखाली ठेवून वाळवला होता.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. जिथे एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात त्या स्टेजवर मोठा लेथ मांडला होता. चाळीस-पंचेचाळीस माणसं असतील. डॉक्टर, इंजिनीअर, बँकेतले, बहुतेक पुण्या-नगरकडचे. अजिनाथ दिवसभर माझ्या सावलीत उभा होता. त्याचा ओंडका चिठ्ठीत प्रणिताला आला. ही नगरची दातांची डॉक्टर, पस्तिशीची असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम तीच करून दाखवणार होती. ती मुद्दाम शोधत आमच्याकडे आली, ओंडक्यावर बोटांनी टकटक करून म्हणाली, काका, इतका छान वाळवलेला लिंब मी पाहिला नाही. अजिनाथने जमिनीकडे बघत सांगितलं, बाच्या हातचं झाड आहे. ती गेल्यावरही तो बराच वेळ हसत होता. त्याला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खात होतो तेव्हा तो आला. चेहरा राखेसारखा झाला होता. चांगुणाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला होता. कुठलं लाकूड नेलंय असं तिने सहज विचारलं, याने विहिरीवरचा लिंब म्हणून सांगितलं. तिला वाटत होतं, तो बाभळीचा तुकडा घेऊन गेलाय. मग तिने सांगून टाकलं.

"खिळा त्यातच हाय गुरुजी," अजिनाथ म्हणाला. "आईनं मरताना चांगुणाला सांगितलं हुतं. मला सांगायचं न्हवतं."

मी विचारलं, चुंबक फिरवलं होतंस ना? फिरवलं होतं, तो म्हणाला, पण खिळा फार खोल असेल तर चुंबकाला कळत नाही, आणि पंचावन्न-छप्पन वर्षांत झाडाने तो पार गिळला असणार. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या झाडात तो नेमका याच तुकड्यात कशाला असेल? तो म्हणाला, चांगुणा सांगते, देवऋष्याने छातीच्या उंचीवर ठोकला होता आणि हा तुकडा तिथलाच आहे. आता जाऊन सांगतो, म्हणाला. हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायला लागले होते. तेव्हा मी जे बोललो ते शब्द न शब्द आठवतं.

"इथं शिकलेली माणसं आहेत. देवऋष्याचा खिळा म्हणून सांगशील तर शोभा होईल आपली. गप्प बस."

आपली म्हणालो, पण काळजी मला माझीच होती. आदल्या दिवशी मी चार लोकांना माझी निवृत्त मुख्याध्यापक म्हणून ओळख करून दिली होती.

तो माझ्या शेजारी येऊन बसला. प्रणिताने ओंडका लेथला घट्ट बसवला, तोंडावर पारदर्शक झडप ओढली. फिरत्या लाकडाच्या समोर कुणी बसायचं नाही, असं केदारने सुरुवातीलाच बजावलं होतं, तरी व्हिडिओ काढायला म्हणून लोक खुर्च्या पुढे सरकवत होते. मोटर सुरू झाली. पटाशी लागली आणि ढलप्या उडायला लागल्या. प्रणिताचा हात सफाईचा होता. बाहेरची गोलाई बघता बघता आली. अजिनाथ माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. लाकडाचा आवाज जरा बदलला की त्याचा श्वास अडायचा. हळूहळू माझाही अडायला लागला. मला खरोखर भीती वाटायला लागली. आता उठावं, आता सांगावं, असं दोनदा मनात आलं. पण समोर चाळीस माणसं होती, आणि मी खुर्चीला चिकटून राहिलो.

बाहेरचं झाल्यावर तिने पटाशी बदलली आणि आतला भाग कोरायला घेतला. नीट दिसावं म्हणून तिने तोंड लाकडाच्या जवळ नेलं. लाकूड इतक्या वेगाने फिरत होतं की ते थांबलेलं आहे असं वाटावं. पटाशी आत जात होती, बोटभर, दोन बोटं.

अजिनाथ उठला. त्याने मला विचारलं नाही. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. विजेचा मुख्य खटका स्टेजच्या पलीकडच्या भिंतीवर होता. तिथे जायची वाट लेथच्या बरोबर समोरून जात होती, जिथे उभं राहू नका म्हणून सांगितलं होतं तिथूनच. हा माणूस हात तोंडापुढे धरून, अंग चोरत, पण न थांबता त्या वाटेने गेला आणि त्याने खटका खाली ओढला. पंखे थांबले. लेथ लगेच थांबत नाही. ते लाकूड फिरत फिरत थांबेपर्यंत मी मनातल्या मनात सगळे देव आठवले, मी, जो मुलांना देव आठवू नका म्हणून शिकवायचो.

केदार चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. काय झालं, कुणी सांगितलं तुम्हाला, असं तो विचारत राहिला. हॉल शांत असल्यामुळे अजिनाथचा बारीक आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"त्यात खिळा हाय. मी ल्हान असताना भ्यायचो, म्हनून आईनं ठोकलाय. मला आत्ताच कळलं."

मागे कुणीतरी हसलं. एकाने मोबाईल वर धरला. केदारने आपलं चुंबक आणून लाकडावरून फिरवलं. ते कुठेच ओढलं गेलं नाही. आता सुरू करू या, असा सूर निघाला. प्रणिताने झडप वर केली आणि तिने अजिनाथकडे नीट पाहिलं. तुमचं काय म्हणणं आहे काका, तिने विचारलं. तो म्हणाला, मला हातानं कोरू द्या, निघाला नाही तर सगळ्यांची माफी मागून घरी जातो.

तो स्टेजवर मांडी घालून बसला, ओंडका दोन्ही पावलांत धरला आणि पटाशी-हातोडीने कोरायला लागला. बरेच लोक चहाला गेले. प्रणिता त्याच्याजवळ उकिडवी बसून राहिली. त्याच्या शेजारी खरं तर मी बसायला हवं होतं. मी दहा पावलांवर उभा होतो, आणि खिळा निघू नये असं मला वाटत होतं. निघाला नसता तर अजिनाथ वेडा ठरला असता आणि मी शहाणा. त्या बाईच्या तोंडाचं काय झालं असतं हे ठाऊक असूनही मला असं वाटत होतं.

पंधरा-वीस मिनिटं गेली. मग पिवळसर लाकडात निळा-काळा डाग दिसायला लागला. अजिनाथने हात आखडता घेतला आणि पटाशी हलकेच टेकवली. टक् असा आवाज आला. गंजून काळा पडलेला खिळा तिथे आडवा होता, प्रणिताची पटाशी जिथे थांबली होती तिथून दोन बोटं आत.

तिने आपला हात स्वतःच्या गालावर ठेवला. मोबाईल धरणाऱ्याने मोबाईल खिशात घातला. केदार येऊन अजिनाथच्या शेजारी बसला. प्रणिताने खिळ्याकडे बोट नेलं, तसा अजिनाथने तिचा हात बाजूला केला. "ताई, तुमी हात लावू नका," म्हणाला, आणि पकडीने तो त्याने स्वतःच ओढून काढला.

परतीच्या गाडीत तो खिळा रुमालात गुंडाळून त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. नगर जवळ आलं तेव्हा मी म्हटलं, अजिनाथ, उठायला मी हवा होतो. मी भ्यालो.

"व्हय, मला दिसलं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, आता खिळा निघाला, तुझी भीती परत येईल का रे? मला वाटलं, तो हसेल. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,

"ती गेलीच कवा हुती, गुरुजी? मी किंचाळलो की आई रडायची. खिळा ठोकल्यावर मी गोधडीचा बोळा तोंडात कोंबून निजायला लागलो. तिला वाटलं, गुण आला." त्याने खिशावर हात ठेवला. "मरताना तिनं इचारलं, आता भ्या वाटत न्हाई ना बाळा? न्हाई म्हनलो. तवा लई भ्या वाटत हुतं."