विहिरीसाठी केलेली माती

पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला लागून माझ्या मामाचं घर. परसातल्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास यायला लागला, तेव्हा मामीने मला फोन केला. मी पनवेलच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, एवढ्याच आधारावर.

"बाय, पान्यावर तवंग येतो. आमी करायचं काय?"

रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. पंपवाला ते मानायला तयार नव्हता. सरकारी माणसं आली, बाटलीत पाणी भरून घेऊन गेली. पुढे काही कळलं नाही.

साधी बेंटोनाइट माती पाणी धरते. कपडे मऊ करायच्या द्रावणात असतं तसल्या एका रसायनात तिला घोळवलं, की ती पाणी सोडून तेल धरायला लागते. अशी माती मी प्रयोगशाळेत करतच होते. ती वाळूत मिसळून एका ड्रममध्ये भरली आणि विहिरीचं पाणी त्यातून सोडलं. खालच्या नळातून आलेल्या पाण्याला वास नव्हता. "प्यायचं नाही हं, फक्त धुण्याभांड्याला," असं मी सांगतेय तोवर मामाने ओंजळ तोंडाला लावलीसुद्धा.

"गोड हाय," तो म्हणाला.

काही आठवड्यांत वास परत आला. मातीत आता तेलाला जागा उरली नव्हती. मी नवी नेली, ती आणखी लवकर संपली. टाकी गळतच होती, आणि मी ड्रमभर मातीने अख्ख्या जमिनीतलं डिझेल शोषायला निघाले होते. वापरलेली माती टाकायची कुठे, हेही कळेना. घातक कचरा नेणाऱ्या कंपनीने एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवायला नकार दिला. प्लास्टिकखाली झाकलेली पोती परसात साठत गेली, आणि वास आता घरातही यायला लागला.

"नको आनू आता," मामा म्हणाला. "पंपवाला टाकी बदलेल तवा बघू."

"बदलेल का तो?"

"नाय."

त्याने गवंड्याला बोलावून विहिरीवर स्लॅब टाकून घेतला. त्या दिवशी मी तिथेच होते. लग्न होऊन आल्यापासून मामी त्याच विहिरीचं पाणी भरत आली होती. काम चालू होतं तोवर ती घरातून बाहेर आली नाही. मी आत गेले, तर तांदूळ निवडत बसलेली.

"पान्याचा टँकर आला काय, बघ गं," मान वर न करता ती म्हणाली.

मी बाहेर येऊन रस्त्याकडे पाहिलं. आला नव्हता.