दोनदा मोजणारी बाई

कॅनडातल्या आमच्या मिसिसागा शहरातल्या फार्मसीतली बाई नागपूरची आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या ती पाच-पाच करून एकदा मोजते. आईच्या गुडघेदुखीच्या, ट्रामाडॉलच्या, मात्र दोनदा. काउंटरच्या अलीकडून मीही मनात मोजतो. आमचे आकडे अजून एकदाही वेगळे आलेले नाहीत.

"माझ्या एकदाच का?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या गोळीची कोणाला चटक लागत नाही, दादा. आईंच्या या गोळीची लागते. म्हणून कायद्याने हिला वेगळ्या यादीत टाकलं."

परवा आई पुण्याला निघाली. जाण्यापूर्वी त्या बाईला भेटायला आम्ही फार्मसीत गेलो. बॅगेचं वजन वाचावं म्हणून आईने बाटल्या फेकून सगळ्या गोळ्या हिंगाच्या डबीत ओतल्या होत्या. तिने ती डबी कौतुकाने दाखवली.

"बाप्पा!" बाई म्हणाली. "हे काय करून ठेवलं, आई? ही गोळी तिकडेही यादीत आहे. विमानतळावर काढून घेतली, तर चालाल कशा?"

"हिंगाच्या डबीला कोण विचारतंय?"

"डबीला नाही, तुम्हाला विचारतील!"

मग बाईने एकेका गोळीवरचा ठसा वाचून त्या वेगळ्या केल्या, नव्या बाटल्यांवर आईच्या नावाची लेबलं लावली, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रतही दिली. ट्रामाडॉलच्या गोळ्या दोनदा मोजल्या. अठ्ठावीस. माझ्याही अठ्ठावीसच.

रिकामी डबी आईला परत देण्यापूर्वी तिने ती नाकाशी धरून डोळे मिटले.

"येताना ही भरून आणा," ती म्हणाली. "हिंग अजून कुठल्या यादीत नाही."