चिंगी माझ्या हाकेला आली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तिथेसुद्धा मी हा विषय बरोब्बर टाळते. आता तुम्ही ऐकताच आहात, तर ऐका. फक्त मध्येच ‘असू द्या हो बाई’ म्हणू नका.

परळच्या आमच्या चाळीत मला सगळे ‘बाई’च म्हणत. दुपारच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी चाळीतली पोरं जमवून त्यांना मुक्या जिवांवर माया करायला शिकवायचे. मी! चिमण्यांना पाणी ठेवा, डब्यात लावलेली रोपं ओरबाडू नका... आणि चिंगी. चिंगी म्हणजे जिन्याखाली राहणारी तांबडी कुत्री, एक कान फाटलेला. प्रत्येकाने आपल्या भाकरीतला तुकडा तिच्यासाठी राखायचा, हा माझा नियम. तिच्याजवळ जायचं तर आधी खाली बसायचं, हात जमिनीलगत धरायचा, हळू हाक मारायची. म्हणजे जनावर विश्वास ठेवतं. गिरणीत जाणाऱ्या सावंतांची सुलू, आठ वर्षांची, हे सगळ्यांच्या आधी शिकली.

एक दिवस चिंगीने शेजारच्या काकींचे वाळत घातलेले बोंबील फस्त केले. “बाईनू, तुमच्या भूतदयेन आमचे बोंबील खाल्ल्यान!” काकी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या. सगळे हसले. मला हसता आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला — आणि राग आला तो काकींचा नाही, चिंगीचा.

दुसऱ्याच दिवशी सकाळी कुत्री पकडणारी गाडी आली. पोरं सकाळच्या शाळेत होती. गाडीवाल्याने विचारलं, ही कुणाची आहे का? काकी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं — कुणाची नाही.

एवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते. भित्री होते म्हटलं असतं, झालं. पण —

चिंगी जिन्याखाली पार आत जाऊन बसली होती. गाडीवाल्याचा लांब चिमटा तिथवर पोचेना. गाडीवाला वैतागून निघालाच होता. निघाला होता हो! आणि मी काय केलं? मी खाली बसले. हात जमिनीलगत धरला. हळू हाक मारली, “ये गं चिंगे.”

आली. शेपूट हलवत आली.

कोण होती ती बाई? मला अजून हादरायला होतं. इतकं सोपं असतं हे? त्यानंतर मी वर जाऊन वरणाला फोडणी घातली.

पोरं दोन दिवस शोधत राहिली. मी म्हणायचे, येईल. मग संयुक्त महाराष्ट्राचं रण पेटलं. आमच्या भागात गोळीबार झाला, संचारबंदी लागली, माणसं खिडक्या लावून घरात बसली. आणि भर दुपारी मी गॅलरीतून बघते तो काय, सुलू भाकरीचा तुकडा घेऊन एकटी नाक्याकडे चाललेली! रस्त्यावर चिटपाखरू नाही, पलीकडे पोलीस. धावत जाऊन तिला ओढून आणलं. ती हात सोडवून घ्यायला बघत होती — चिंगी उपाशी असेल, बाई.

तेव्हा मी म्हणाले, चिंगी गेली. गोळी लागली तिला. मी पाहिलं.

पोर वाचावी म्हणून बोलले, असं मी मनाशी कितीदा तरी म्हणून पाहिलं. पण खरं सांगू? ते तोंडातून निघालं आणि मला हायसं वाटलं. आता कुणी शोधणार नव्हतं. आपली माणसं पडली होती त्या रस्त्यावर, आणि मी त्यांच्या आड लपले.

सुलू रडली नाही. जिन्यात उभी राहून तिने मला एवढंच विचारलं, “बाई, तुम्ही तिच्या तोंडात पाणी घातलंत ना?”

मी म्हटलं, “हो. घातलं.”

ती वाकली आणि माझ्या पाया पडली.

मी तिला पडू दिलं.