बिडाच्या क्रेनजवळचा माणूस

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही बसलाय असं नाही. पण गेल्या मे महिन्यातल्या त्या शनिवारचं काय करायचं, तेच कळत नाही.

मी आयर्लंडमधल्या मेनूथला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. इथल्या कालव्याच्या एका जुन्या धक्क्यावर दीडशे वर्षांपूर्वीची बिडाची क्रेन आहे – हाताने फिरवायची, बोटींतला माल उतरवणारी. आम्ही काही हौशी लोकांनी वर्षभर खपून ती साफ केली, रंगवली. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती पहिल्यांदा वजन उचलणार होती. कोल्हापूरहून आलेल्या माझ्या वडिलांना, आबांना मी मुद्दाम नेलं. त्यांची हयात फौंड्रीत मोल्डर म्हणून, साच्यांत लोखंड ओतण्यात गेली. इंग्रजी मात्र ‘थँक्यू’च्या पुढे नाही.

आमचे म्होरके डेक्लन धक्क्याखालच्या बोटीत उतरले, उचलायच्या दगडाला क्रेनची साखळी बांधली आणि खालून हात केला. मी हँडल धरलं... तोच आबांनी माझं मनगट पकडलं.

“फिरवू नगंस. मोठ्या चाकाला चीर हाय.”

“आबा, सगळं तपासलंय!”

“आदी त्यास्नी भाईर काढ.”

मी ओशाळत डेक्लनना सांगितलं. “आह, इट्स ग्रँड,” – म्हणजे काही बिघडत नाही – म्हणत ते वर आले आणि आबांच्या समाधानासाठी चाकावरचा रंग खरवडला. आसाजवळ केसासारखी चीर... चांगली बोटभर लांब. ते चाक तुटलं असतं तर दगड डेक्लनच्या अंगावरच आला असता.

“युअर मॅनला कळलं कसं?” आबांकडे बोट करत त्यांनी मला विचारलं.

आबा म्हणाले, “त्या बाबानं सांगितलं की. चामड्याचा एप्रन, हातावर लोखंडाच्या रसानं भाजल्याचे चट्टे, माज्यागत. म्हनला, चाक मीच ओतलंय. रस मधीच गार झाला, आत सांधा कच्चा ऱ्हायला.”

असा माणूस तिथे कुणीच पाहिला नव्हता. डेक्लनच्या बायकोच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे – आबा क्रेनपाशी एकटेच, मान किंचित तिरकी करून, मधूनमधून होकार देत...

घरी आल्यावर मी विचारलं, “आबा, तो बोलला कुठल्या भाषेत?”

“ते ध्यानातच आलं न्हाई बघ. कामाचं बोलत हुता... समजत गेलं.”

चीर दिसली, ती खरी. तिचा खुलासा कुणीही करील. बाकीच्याचा मला अजून सापडलेला नाही. आबांना तर तो नकोच आहे. त्यांना एवढीच चुटपुट – त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.