ब्लॅकआऊटला हात वर

रशीदभाई काल दुपारी गेले.
त्यांच्या नावाला लागलेला डाग मी लावला होता.

सकाळपासून नाटकाच्या ग्रुपवर एकच विचारणा चालू आहे. "भाईंचा फोटो आहे का कुणाकडे? पोस्टला लावायचाय."
कुणाकडेच नाही. शहरातल्या निम्म्या नाटकांना उजेड देणारा माणूस स्वतः कायम विंगेत, अंधारात.

माझ्याकडे आहे. एकच.
पण तो लावायचा तर सगळं सांगावं लागणार. म्हणून सकाळपासून मोबाइल पालथा ठेवून बसले होते.

ज्यांना भाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पडेगावला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. दिवसभर पंप, कूलर, मिक्सर. संध्याकाळी आमच्या तालमीला हजर, लाइट करायला.
मी बँकेत नोकरीला, आणि नाटकाचे फोटो काढायची भारी हौस.

भाईंच्या लाइटमध्ये फोटो काढणं म्हणजे शिक्षा. कमी उजेडासाठी कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला की नटांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे. शटर स्लो केलं की एकेकाला दोन दोन नाकं. मी फोटो टाकले की खाली ठरलेली कमेंट, "ताई, दिसत तर काहीच नाही."

"भाई, थोडा लाइट वाढवा ना. फोटो काळे येतात."
"फोटो काळा नाय बेटा, सीन काळा हाय. तिथं आई मरायली, अन् तुला लग्नातला उजेड पाहिजे व्हय?"

आणि दर वेळी वर एक ताकीद.
"तेवढा फ्लॅश नको मारू. अंधार एकदा फुटला की जोडता येत नाय."

भाईंची एक सवय होती. ब्लॅकआऊट झाला की दोन्ही हात दिवे कमीजास्त करायच्या डिमरवरून उचलून खांद्याच्या वर धरायचे. पोलिसांनी पकडल्यासारखे. चुकून बोट लागून एखादा दिवा पेटू नये म्हणून.
आम्ही चिडवायचो, "भाई, काय चोरलं?"
"उजेड," म्हणायचे.

सात वर्षांपूर्वी आमचं नाटक स्पर्धेत होतं. शेवटच्या प्रसंगात आई जमिनीवर पडून मरते, लाइट हळूहळू उतरतो, पूर्ण अंधार, आणि पडदा. बस.
मी उजव्या विंगेत उभी होते. शेजारी स्टँडवर भाईंचाच एक दिवा. भाई समोरच्या, डाव्या विंगेत डिमरवर.

मला तिचा चेहरा पाहिजे होता. तोवरचे सगळे फोटो वाया गेले होते. मी बोटानं फ्लॅश वर केला.
चुकून नाही. कॅमेऱ्यानं आपोआप नाही. मी केला.

वाटलं, अंधार व्हायच्या आत दाबू. कुणाला कळणार?
बोटाला उशीर झाला.

अंधार झाला होता. मेलेली आई पडदा पडायच्या आधी पदर सावरत उठत होती, आणि माझ्या फ्लॅशनं ते अख्ख्या हॉलला दाखवलं.
लोक खो खो हसले. परीक्षकसुद्धा.

आत आल्या आल्या दिग्दर्शक भाईंवर धावून गेला. "चाचा, पाच सेकंद अंधार सांभाळता येईना तुम्हाला? उजव्या विंगेतला दिवा कसा पेटला?"
"म्या हात नाय लावला. हात वर होते माझे."
"मग काय भूत आलं होतं?"

सगळे हसले.
मीही हसले.

अंधारात वर धरलेले हात कुणी पाहिले असणार? भाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. फ्लॅश मी केव्हाच खाली दाबला होता. मी मान खाली घालून लेन्सला टोपण लावत बसले.
एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

परीक्षकांनी शेरा मारला, प्रकाशयोजनेत अक्षम्य चूक. पुढच्या वर्षी लॅपटॉपवाला नवा मुलगा आला. "चाचाचं वय झालं, हात चळतो," हे शहरभर झालं. त्यानंतर भाईंना कुणी बोलावलं नाही. लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळा सोडायचे ते. लग्नातला उजेड.

दोन वर्षांपूर्वी मिक्सर घेऊन त्यांच्या दुकानात गेले. मिक्सरचं निमित्त होतं. कबूल करायचं ठरवून गेले होते.
भाईंनी चहा सांगितला. मिक्सर उघडला. म्हणाले, "फोटो काढतीस का अजून?"
"काढते."
स्क्रू पिळता पिळता, वर न बघता म्हणाले, "त्या दिवसाचा आला का गं?"

कोणत्या दिवसाचा, हे मला विचारावं लागलं नाही.

"नाही आला, भाई."
"व्हय. अंधारात कुठं येतोय."

मग मिक्सर हातात दिला. "लई भरून फिरवू नको," एवढंच म्हणाले.

त्यांना पहिल्या क्षणापासून माहीत होतं. स्वतःचा एकेक दिवा हातानं दुरुस्त केलेला माणूस तो, पांढरा झटका कुणाचा हे त्याला कळणार नाही? पण त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. आणि मी त्यांना आणखी एकदा फसवून घरी आले.

तो फोटो खाली टाकते आहे. क्रॉप केलेला नाही.
पुढं पदर सावरणारी आई. तिच्यामागं, डाव्या विंगेत, भाई. दोन्ही हात खांद्याच्या वर, डिमरपासून लांब. झूम करा, बोटं मोजता येतात.
त्या दिवशी जे जे हसलात, त्यांनी नीट बघा. दिग्दर्शकसाहेब, तुम्हाला टॅग केलंय.

श्रद्धांजली ग्रुपनं वाहावी. मला तो हक्क नाही. मला फक्त एक खोटं दुरुस्त करायचंय.

रशीदभाई, फोटो आला होता.
लई चांगला आला होता.