टाळू भरणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंइतकी घाई या जगात फक्त दुधाला असते, उतू जायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आत यांची पानं मांडून तयार. लेकाकडे राहायला बहरीनला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी अरबी 'यल्ला' शिकल्या, म्हणजे 'चला, आटपा'. मग काय, गुदैबियातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टला यल्ला, इडलीच्या पिठाला यल्ला. बाब अल बहरीनच्या बाजारात सोनार भाव सांगेपर्यंत या पुढच्या दुकानात, आणि मी मागे त्यांची पिशवी सांभाळत.

अशा बाईला देवानं आणून बसवलं कुठे, तर आमच्या नातीच्या डोक्यापाशी. लहानपणी उकळतं पाणी सांडून पोरीच्या डोक्याची, कानाच्या वरची तळहाताएवढी जागा भाजली होती, तिथे केस उगवेनात. घरातसुद्धा टोपी काढायची नाही. मांडीचं कातडं आणून लावता आलं असतं, पण त्याला केस कुठले? म्हणून डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या, केस असलेल्या कातड्याखाली सिलिकॉनची पिशवी ठेवली. दर आठवड्याला सुईनं तिच्यात थोडं मिठाचं पाणी भरायचं. वरचं कातडं हळूहळू वाढतं, केसांसकट, आणि पुरेसं झालं की भाजलेला भाग काढून त्यावर ते ओढून घ्यायचं.

"एकदम सब भर डालो ना," विहीणबाई दवाखान्यात म्हणाल्या.

"माँजी, पेट में बच्चा बढ़ता है तो चमड़ी को नौ महीने मिलते हैं ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हमारा सातवे महिन्यातच हुआ. ये देखो, सामने खडा है."

जावई खिडकीबाहेर बघू लागले.

एके आठवड्याला मात्र त्या फुगवट्यावरचं कातडं लालबुंद दिसलं. डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. कातडं फाटलं तर पिशवी काढावी लागेल, सगळं पहिल्यापासून, कदाचित नाहीच, असं म्हणाल्या. मग विचारलं, "किसी ने यहाँ मालिश की है क्या?"

विहीणबाई पदराचं टोक पिळत माझ्या मुलीला म्हणाल्या, "अगं, तू रोज म्हणायचीस, भरायचंय, भरायचंय. मी टाळू भरत होते. खोबरेल तेलानं, तान्ह्या बाळाची भरतात तशी. तिकडून हे भरतायत, इकडून मी भरते, म्हटलं लवकर आटपेल."

मुलगी काहीतरी बोलणार होती, पण नातच आधी म्हणाली, "इट्स ओके, आजी. इट फेल्ट नाइस."

त्या दिवसापासून विहीणबाई सोफ्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. हात मोकळे राहिले तर पोरीच्या डोक्याकडे जातील, ही भीती. पाय मात्र हलत असायचे, सारखे. मी म्हटलं, जरा खाली फिरून येऊ, तर म्हणाल्या, "तुम्ही जा. मी वाट बघायला शिकतेय." लाली उतरली, भरणं पुन्हा सुरू झालं, ऑपरेशनही नीट पार पडलं. पण भादरलेल्या जागी केस दिसायच्या आत त्यांचा व्हिसा संपला आणि त्या गावी परतल्या.

परवा फोनवर मी म्हटलं, "काळं काळं दिसू लागलंय हो. टोपी सुटली. आता पहिली वेणी घालायला तुम्हीच या."

"येईन की," त्या म्हणाल्या. आवाज दमलेला वाटला. "वाढू देत सावकाश, विहीणबाई. घाई कसली?"

फोन ठेवला आणि मला चैन पडेना. घाई कसली म्हणे. दूध गॅसवर ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिले, आणि मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, यल्ला बाई, यल्ला.